खापरपणजा, साकिन झाडीपट्टी

पुण्या-मुंबईकडे माणूस निवृत्त झाला की त्याला आपल्या घराण्याचा इतिहास शोधावासा वाटतो. मग कुलवृत्तांत निघतो. जाड पुठ्ठ्याचा, मागे वंशवृक्षाची घडी घातलेला. आमच्या भंडारा जिल्ह्यात हा नाद पोरगं बारावीला गेलं की लागतो. त्याला इंजिनिअरिंगला घालायचं तर जात वैधता प्रमाणपत्र हवं, प्रमाणपत्रासाठी पुरावा हवा, आणि पुराव्यासाठी खापरपणजा हवा. तोही शुक्रवारच्या आत. ज्याचं नाव घरात कोणाला ठाऊक नव्हतं, पितृपक्षात ज्याची बोळवण ‘आणि बाकीचे सगळे’ एवढ्यात व्हायची, तो माणूस एकाएकी घरातला कर्ता पुरुष होऊन बसतो.

सरकारनं त्याच्यासाठी तारखाही नेमून दिल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याच्या आधीचा कागद आणा. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव पायपीट करायचे ती स्वखुशीनं. आमच्याकडचा बाप करतो ती पोराच्या सीटसाठी. पण हिंडणं तेच, धूळ तीच, आणि कागद धरणारे लोकही त्याच तोऱ्याचे. एका कार्यालयात मला सांगण्यात आलं की तुमचं गाव सापडलं, पण पान उंदरानं नेलं. उंदराची पोच मिळेल का, हे विचारण्याइतका मी तेव्हा सरावलेला नव्हतो.

आमची जात कोणती ते इथं सांगत नाही. वैधता समितीला सांगून झालं आहे.

कागद तीन प्रकारचे. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर हे त्यातलं सगळ्यात सुशिक्षित, पण आज्याच्या मागे ते जात नाही, कारण त्याच्या मागचं कोणी शाळेत गेलंच नाही. दुसरं कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालानं सांगायचं आणि वहीत चढायचं. त्यात बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ नाहीतर ‘मुलगी’. बाळाचं नाव नाही. असणार कसं, बारसं व्हायचं होतं. तेव्हा त्या पानावरचा ‘मुलगा’ म्हणजे आपला पणजा की त्याचा अल्पायुषी थोरला भाऊ, हे पान सांगत नाही. तिसरं म्हणजे १९१७-१८ च्या बंदोबस्ताचं पी-१. हे खरं गंगोत्रीचं पाणी. मौजा, नंबर, कास्तकाराचं नाव, वल्द अमुक, कौम तमुक, साकिन देह. भाषा मराठी, कणा उर्दू, आणि शिक्का इंग्रजांचा. त्या कागदावर आमचा साधा शेतकरीही दरबारातला कोणी वाटतो. ‘वल्द’ लागलं की माणसाची उंची वाढते.

नावांचं मात्र तसं नाही. सरदारकीच्या आशेनं पान उलटावं तर भेटतात सोमा, मंगरू, बुधा, शुक्रा. आठवड्याचे सगळे वार कोरडवाहू शेती करतायत. जी पोरं जगत नसत त्यांच्यामागून आलेल्याला दगडू, कचरू, उकंडा म्हणायचं, म्हणजे यमाला वाटावं की हे कामाचं नाही. ही युक्ती यमाला फसवायला पुरली, तशी पुढच्या संशोधकालाही पुरली. एकाच मौजात एकाच बापाचे दोन कचरू निघाले की मोठमोठे वकील हात टेकतात. पण कधी कधी मी त्या नावांवरच थांबतो. एका घरात लागोपाठ दगडू आणि उकंडा असले तर त्यांच्या आधी किती पोरं गेली असतील, याचा हिशेब कोणत्याच रकान्यात नाही आणि तरी तो तिथंच लिहिलेला आहे.

आमच्या मोठ्या काकांना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, आपण मूळचे इथले नाहीच. कुठले, ते नक्की नव्हतं, पण इथले नाही हे नक्की. यात काका एकटे नाहीत. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भात, जो तो कुठून तरी आलेला आहे. पोवारांच्या भाटांच्या पोथ्या त्यांना थेट धारच्या भोज राजापर्यंत नेतात. तिथून रामटेकजवळचं नगरधन आणि मग वैनगंगेचं खोरं. कोहळी काशीहून आलेले: चांद्याचा गोंड राजा यात्रेला गेला होता, तिथली पाणी अडवायची कारागिरी पाहून त्यानं ही मंडळी सोबत आणली, अशी परंपरा. रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या चार खंडांत या कथा टिपून ठेवल्या आहेत. जो भेटेल त्याला पूर्वज विचारा, तो पश्चिमेकडे किंवा उत्तरेकडे बोट दाखवील. आम्ही इथलेच, असं फक्त गोंड म्हणू शकतात, आणि त्यांना ते म्हणावं लागत नाही.

मी काकांना गणित घातलं. आईबाप दोन, आजे-आज्या चार, पणजे-पणज्या आठ. दहा पिढ्या मागे गेलं तर १,०२४ जण. वीस पिढ्या, म्हणजे साधारण पाचशे वर्षं मागे गेलं तर १०,४८,५७६. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची सगळी लोकसंख्या १२,००,३३४ होती. पाचशे वर्षांपूर्वी तर ती याहून कितीतरी कमी असणार. तेव्हा एवढे पूर्वज मावायचे तर तेच तेच लोक पुन्हा पुन्हा मोजायला लागतात, आणि तुमच्या यादीत असलेला माणूस शेजाऱ्याच्याही यादीत असणारच. एवढ्यांत एखादा सरदार निघणारच, काका. आणि एखादा दरोडेखोरही. काका म्हणाले, “दरोडेखोर तुझ्या आईकडचा.”

घरातली तोंडी परंपरा हे कागदाहून गोड प्रकरण, पण त्याच्यावर किती विसंबावं याचा आमच्या जिल्ह्याला चांगला अनुभव आहे. १९५४ साली भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. दोन जागांचा मतदारसंघ होता. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. आता जिल्ह्यात कोणत्याही घरी जा, कोणत्याही जातीच्या, आणि विचारा की तुमच्या आज्यानं मत कोणाला दिलं होतं. माझ्या फिरण्यात मला एकही असा आजा भेटलेला नाही ज्यानं बाबासाहेबांना मत दिलं नाही. सगळ्यांनी दिलं, आणि ते हरले. मतपेटी आणि नातवंडांची आठवण यांचा ताळा बसत नाही. पूर्वज मेल्यावरही सुधारत राहतात.

असो. आमचा खापरपणजा सापडला. पी-१ मध्ये, उंदराच्या तावडीतून वाचलेल्या पानावर. सरदार नव्हता. मालगुजार तर नव्हताच. धानाच्या थोड्या बांध्या आणि कैफियतीच्या रकान्यात एक बोडी. म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पाणी साठवायला खणलेलं लहानसं तळं. काकांनी पान हातात घेतलं, उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. “बोडी?” ते म्हणाले. एखाद्याला इनामाचं पत्र उघडल्यावर वीजबिल निघावं तसा चेहरा झाला त्यांचा. गावची म्हातारी आत्या दारातून म्हणाली, “कायले उकरून रायला बापू? निजले आहेत त निजू दे ना.”

मला मात्र बोडी पाहून बरं वाटलं. या मुलखात पाणी अडवणारा माणूस किती मोठा होऊ शकतो हे मला ठाऊक होतं. तो देव होऊ शकतो.

नवेगावबांधचा कोलू पाटील कोहळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा माणूस. डोंगरांच्या मधली खिंड हेरून त्यानं पाळ घातली आणि आज ज्याला आपण जलाशय म्हणतो, पक्षी बघायला जातो, ज्याच्या काठी वनाधिकारी म्हणून राहून मारुती चितमपल्लींनी ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं, तो तलाव उभा राहिला. ना दुर्बीण, ना लेव्हल. पावसाळ्यात पाणी कुठून कसं उतरतं हे डोळ्यांनी पाहून ठेवायचं आणि उन्हाळ्यात तिथं माती टाकायची. नुसती माती टाकून भागत नाही. जास्तीचं पाणी निघून जायला बाजूनं सलंग ठेवावी लागते, नाहीतर एका रात्रीत पाळ फुटते. पाणी हवं तेवढंच शेताला द्यायला तुडुम लागतं, एकाखाली एक भोकं असलेलं, पाणी उतरेल तसं खालचं बूच काढायचं. मग पाट, पाटाखाली बांध्या, बांध्यांत धान, आणि कोहळ्याच्या घरी असेल तर ऊस. गोंड राजांचा नेम असा सांगतात की जो तलाव बांधील, त्यानं भिजवलेली जमीन त्याची. हुशार राजे होते. खजिन्यातून दमडी न काढता त्यांनी तलाव बांधून घेतले. पूर्व विदर्भात आजही साडेसहा हजारांवर मालगुजारी तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी’, कार्यालयीन भाषेत मामा तलाव. तेवढं एक नातं सरकारनंही मान्य केलं आहे.

कोलू पाटील मेल्यावर कोलासूर देव झाला. तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्याचं ठाणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या इंग्रजी गॅझेटिअरात त्याच्याबद्दल जे लिहिलं आहे ते मी अनेकदा वाचलं, कारण सरकारी पुस्तकात असं काही भेटत नाही. कोलू पाटील अजून रात्री रस्त्यानं जाताना दिसतो, मागे दोन कुत्री असतात. वर्षाचा पाऊस किती आणि लुगड्यांचे माग किती या माहितीच्या शेजारी, त्याच गंभीर इंग्रजीत, हे. मला त्या कुत्र्यांचं विशेष वाटतं. देव झाल्यावर माणसाला घोडा मिळतो, वाघ मिळतो. हा पाटील देव झाला तरी गावच्या पाटलासारखाच राहिला, रात्री पाळ बघून यायची, सोबतीला कुत्री.

दुसरी गंमत सुनांची. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड झाकायचं, ही तेव्हाची रीत. नवेगावात ती देवापर्यंत नेली होती. गावातल्या सुनांना, मग त्या कोहळ्यांच्या असोत की ब्राह्मणांच्या, कोलासुराचं शिखर दिसलं की त्या पदर पुढे ओढत, कारण तो सासरा. म्हणजे डोंगर नात्यात होता. आमच्या काकांना वंशवृक्ष कागदावर हवा होता. तिथल्या बायकांना तो क्षितिजावर दिसत होता आणि त्याच्यापुढे त्यांना डोळे वर करायची सोय नव्हती.

आणि याच कोलू पाटलाची १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्ह्यात बदली झाली. त्या दिवशी भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले आणि नवेगाव तिकडे गेलं. जवळजवळ तीनशे वर्षं भंडाऱ्याकडचा असलेला माणूस. आमच्याकडचे अभिमानी लोक अजूनही ‘आपला कोलू पाटील’ म्हणतात आणि गोंदियाकडचे लोक हसतात. पूर्वज वाटून घ्यायचा हा आमचा शेवटचा प्रयत्न नसावा.

पण त्या गॅझेटिअरातली जी गोष्ट मला सोडत नाही ती पाटलाची नाही, सात बहिणींची आहे. तलावाभोवतीच्या इतर शिखरांना सात बहिणी म्हणतात. पाळीचं काम चालू असताना दिवसा मजूर राबायचे, आणि ते घरी गेले की रात्री या सात बहिणी डोंगरावरून उतरून माती वाहायच्या. कोलासुराच्या टेकडीवरचे फिकट पिवळसर दगड म्हणजे त्यांच्या टोपल्या. गोष्ट फार सुंदर आहे. फक्त मला एक शंका येते. पाळीवर टोपल्यांनी माती कोण वाहतं? आजही रोजगार हमीच्या कामावर बघा, गडी खणतो आणि बाई वाहते. दिवसभर वाहणाऱ्या त्या बाया कुठं गेल्या? बांधणाऱ्याचं नाव राहिलं, तो देव झाला, त्याची कुत्रीसुद्धा देवपणाला लागली. वाहणाऱ्यांची आठवण तर ठेवायची होती, पण नावं कोणी विचारली नव्हती. मग त्यांना बहिणी केलं, दगडाच्या टोपल्या दिल्या आणि कामाची वेळ रात्रीची सांगितली. रात्रीच्या कामाची हजेरी लागत नाही.

हे डोक्यात आल्यावर मी आमचं पी-१ पुन्हा काढलं. खापरपणज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, जात, गाव, जमीन, बोडी. खापरपणजीचा पत्ता नाही. ती बोडी त्यानं एकट्यानं खणली असणं शक्य नाही. दोन पोरं आणि एक बाई असल्याशिवाय बोडी होत नाही. वैधता समितीला ती नकोच असते. वंशावळीचं शपथपत्र बापाकडून बापाकडे जातं. विसाव्या पिढीतल्या १०,४८,५७६ जणांपैकी शपथपत्राला लागतो एक. बाकीचे सगळे आईकडचे आणि आज्यांकडचे, म्हणजे बहुधा दरोडेखोरच.

आमच्याच जिल्ह्यात याहून उदार हिशेब एकदा ठेवला गेला होता, पण तो फार जुना. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठानं आणि पुरातत्त्व खात्यानं खोदकाम केलं, तेव्हा मोठा स्तूप सापडला. कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली. राजाची नव्हेत, साध्या माणसांची. दगड दिला, नाव कोरलं, दोन हजार वर्षं टिकलं. माझ्या मते जिल्ह्यातली ही पहिली विश्वासार्ह नामावळी. नाशिक-काशीच्या उपाध्यांच्या वंशावळीच्या वह्या त्याच्यापुढे कालच्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं सूक्ष्मफितीवर चित्रंही काढून नेली. पवनीचं मात्र कोणी कोणाचा खापरपणजा म्हणून नोंदवायला आलेलं नाही. त्या नावांपुढे कौम नाही, ‘वल्द’ही फारसं कामाचं नाही. कोणत्या कोट्यातून घ्यायचं त्यांना?

त्याच पवनीच्या वरच्या अंगाला गोसेखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ ला पायाभरणी झाली, आणि पुढे पाणी चढत गेलं तशी काठची गावं उठत गेली. तिकडच्या लोकांचा वंशशोध आणखी अवघड. कागदावर मौजा आहे, मौजावर पाणी आहे. शेकडो वर्षं पाणी अडवणाऱ्या लोकांच्या मुलखात पाण्यानंच गावं अडवली. तिथल्या एका परिचितानं आपल्या आज्याचं घर नावेतून दाखवलं. “इथं ओटा होता,” तो म्हणाला, आणि वल्हं खाली घालून खोली मोजली. पुनर्वसनाच्या नव्या गावात त्यानं आज्याच्या नावाची पाटी लावली आहे, बंगल्यासारखी.

आमची बोडी अजून आहे. मी जाऊन पाहिली. आता ती आमची नाही, मधल्या काळात कोणीतरी विकली. कोणी, ते काका सांगत नाहीत. ढीवर मंडळी तिच्यात शिंगाडे लावतात. पाळीवर बाभळी आल्या आहेत, गाळ साचून ती उथळ झाली आहे, पण खालच्या बांध्यांना एक पाणी अजून मिळतं. मी पाळीवर उभा राहून खापरपणज्याविषयी काही भारदस्त वाटतंय का ते पाहिलं. शिंगाडे काढणाऱ्या गड्यानं विचारलं, “किती किलो देऊ?”

काकांचं मत मात्र हळूहळू बदललं. भाच्याचं लग्न ठरलं, समोरची पार्टी वजनदार निघाली, आणि काका बैठकीत म्हणून गेले की आमचे पूर्वज तलाव बांधणारे. बोडीचा तलाव झाला. पुढच्या बैठकीत गोंड राजा आला. आता काकांना दिवाणखान्यात खापरपणज्याची तसबीर हवी. १९१७ साली आमच्या गावात कॅमेरा आलेला नव्हता, हे मी सांगून पाहिलं. काका म्हणाले, छत्रपतींचा तरी फोटो कुठं होता?

तेव्हा भंडाऱ्यात एका पेंटरकडे गेलो. दुकानांच्या पाट्या, गणपतीची मखरं आणि कैलासवासी माणसं, अशी तिन्ही कामं तो करतो. त्यानं आधी काकांकडे, मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि आमच्या नाकांवरून मूळ नाक कसं असेल याचा अंदाज घेतला. फेटा ठरला. फेट्याला रंग ठरला, तो वधूपक्षाच्या पसंतीचा. मिशीवर मात्र वाद झाला. पी-१ मध्ये मिशीचा रकाना नाही. काकांना झुपकेदार हवी होती, चुलत्यांना पिळदार, आणि आत्याचं म्हणणं होतं की तिच्या आज्याला मिशी नव्हतीच, वसरीत बसून मशेरी लावायचा, मिशीची अडचण व्हायची. बहुमतानं झुपकेदार मंजूर झाली.

निघताना मी म्हटलं, शेजारी खापरपणजीही काढा. काकांनी माझ्याकडे पाहिलं. पेंटरनं वही काढली.

“नाव काय लिहू खाली?”

कोणालाच सांगता येईना. आत्यालाही नाही.

“राहू द्या,” पेंटर म्हणाला. “पदर नाकापर्यंत ओढून घेतो भाऊ, म्हंजे तोंडही काढा नाही लागत. बाईचे अर्धेच पैसे द्या.”